गेमच्या गाण्यांची रिमिक्स स्पर्धा: दुसऱ्या नंबरावर १९-१९, आता काय करू?

खडेबाजार_आठबिट

मंडळी, परीक्षक होऊन अडकलोय. सोडवा.

बेळगावात आमच्या गल्लीच्या मंडळातल्या पोरांनी यंदा गणपतीत रांगोळी आणि पाककलेच्या जोडीला नवीन खूळ काढलं. व्हिडिओ गेमच्या संगीताचं रिमिक्स करून पाठवा. पोस्टरवर नियम दोनच: चाल कुठल्या गेमची ते लिहावे, आणि लांबी ३ ते ५ मिनिटे. मला वाटलं चार-पाच जण पाठवतील. तेरा आल्या. खानापूर, निपाणी, एक तर थेट सौंदत्तीकडून.

परीक्षक तिघं. तबला शिकवणारे आमचे काका, डीजे लाइनमधला एक पोरगा, आणि मी, म्हणजे '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटवर वाया गेलेली पिढी. त्या कॅसेटमध्ये खरे गेम सात-आठच असायचे, तरी आम्ही ९९९९ पर्यंत खाली जाऊन बघायचो.

पहिल्या नंबरावर वाद नाही. भांडण दुसऱ्यावर आहे.

४ नंबर: सुपर मारिओचं मुख्य गाणं. कोजी कोंडोचं, १९८५ चं. या मुलानं ते व्हायोलिन, ट्रम्पेट, मोठे नगारे लावून वाजवलंय. एकदम चकचकीत, थिएटरात बसल्यासारखं.

११ नंबर: टेट्रिस. पेटी, चौंडकं (ते एका तारेचं, जोगत्यांचं वाद्य), हलगी. फोनवर रेकॉर्ड केलंय. पेटीचा भाता कुठंतरी फाटलाय, प्रत्येक ओळीच्या शेवटी फुस्स ऐकू येतं. सुरुवातीला सहा सेकंद नुसती चरचर. २ मिनिटं ५० सेकंदांवर बसचा हॉर्न. आणि शेवट नाहीच, वाजता वाजता तुटतं.

४ ला डीजेनं ९ दिले, काकांनी ४, मी ६. ११ ला काकांनी ९, डीजेनं ४, मी ६. एकोणीस-एकोणीस. दोन्ही फायली खाली जोडल्यात. ऐका आणि सांगा, तुम्ही असता तर काय बघून गुण दिला असता?

हलगी_कडकडाट

११ नंबर ऐकलो. दोनदा ऐकलो. ती चरचर म्हणालास ती खराबी न्हवं रे मर्दा, हलगी शेकालेत ती! कागद पेटवून कातडं तापवतात, त्याचा आवाज आहे तो. तापवल्याशिवाय हलगी बोलत नाही. पहिला ठोका पडतो तवा बघ कसा टणक पडतो. ते पोरगं जाड टिपरू आणि बारीक काडी दोन्ही वेगवेगळं ऐकवालाय, फोनवर सुद्धा. तू खडेबाजारात राहून हे ओळखलं नाहीस, काय सांगायचं तुला.

निपाणी_नाका

४ नंबरबद्दल बोलतो, कारण ११ वर सगळे तुटून पडणार हे दिसतंच आहे.

मी एफएल स्टुडिओ या संगीताच्या सॉफ्टवेअरवर रोज काम करतो. ४ नंबर कानाला चकचकीत का लागतं ते सांगतो: साऊंड महागडे आहेत, रिव्हर्ब भरपूर आहे. पण व्हायोलिन नीट ऐका. प्रत्येक स्वर एकाच जोरानं वाजलाय. खरा माणूस गज ओढतो तेव्हा एक स्वर दाबून येतो, एक हळू. इथं वेलोसिटीची, म्हणजे स्वराच्या जोराची, सगळी दांडकी एका उंचीची आहेत, कुंपणासारखी. म्हणजे नेटवरची तयार मिडी फाइल (आवाज नाही, नुसती स्वरांची नोंद) उचलून तिला नवे साऊंड चिकटवलेत. मी जुनी एक मिडी फाइल शेजारी लावून बघितली. पहिल्या ओळीचे ग ग ग सा ग प आणि खालचा प सोडाच, ते तर सारखेच असणार. पण मधल्या भागात त्या मिडीवाल्यानं एक स्वर चुकवलाय. तो चुकलेला स्वर ४ नंबरमध्ये जसाच्या तसा आहे!

याला रिमिक्स म्हणायचं असेल तर माझ्या घराला रंग दिला की मी बिल्डर.

खडेबाजार_आठबिट

आयला. चुकीसकट उचललं? हे आमच्या तिघांच्याही कानावरून गेलं.

आणि हलगीवाले, मान्य. चरचरीचा एक गुण मी कापला होता, तो परत.

टिळकवाडीची_आत्या

मला गेममधलं ओ की ठो कळत नाही. नातवाच्या हेडफोनवर दोन्ही ऐकलं. पण 'दुसऱ्याच्या चालीवर आपलं गाणं' हा प्रकार आपल्याकडे नवीन नाही, म्हणून लिहिते.

संगीत नाटकांची जुनी पुस्तकं बघा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, 'चाल: अमुक तमुक'. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. १८८० साली शाकुंतल रंगभूमीवर आणलं तेव्हा त्यांनी साक्या, दिंड्या, लावण्या, कानडी पदं, जिथून मिळतील तिथून चाली घेतल्या. आणि घेतल्या हे लपवलं नाही, वर छापलं. प्रेक्षक चाल ओळखायचा आणि तरी नवं पद म्हणून ऐकायचा. पुढे गाणाऱ्यांनी त्याच पदांच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या मैफली केल्या.

माझ्या मते परीक्षकानं हेच बघावं. चाल ओळखू येते का, आणि ओळखल्यावर पुढे ऐकावंसं वाटतं का. ४ नंबरची चाल मला, बाईमाणसाला, लगेच ओळखू आली. नातू लहान होता तेव्हा दिवसभर तेच चालायचं. पण ओळखल्यावर मी हेडफोन काढून ठेवला. पुढे काय होणार ते माहीतच होतं.

दूर_बेंगळूरात

आत्या, दंडवत.

जे तुम्ही म्हणता त्याच्यासाठी बाहेर रीतसर परीक्षक मंडळ बसतं. ओव्हरक्लॉक्ड रिमिक्स म्हणून एक जागा आहे, १९९९ पासून. गेमच्या चालींवर लोक रिमिक्स पाठवतात आणि परीक्षक एकेक करून हो किंवा नाही देतात, कारणं लिहून. ती कारणं कुणालाही वाचता येतात. त्यांची मुख्य अट अशी की मूळ चाल ओळखू आली पाहिजे आणि तुकड्यात तिचंच वजन जास्त पाहिजे. परीक्षक चक्क घड्याळ लावतात: या सेकंदापासून त्या सेकंदापर्यंत मूळ चाल आहे, इथून इथपर्यंत नाही. निम्म्याहून कमी भरलं की गाडी अडली. दुसऱ्या बाजूला, मूळ गाणं तसंच ठेवून नुसते साऊंड बदलले तरी नाही.

म्हणजे दोन्हीकडे खड्डा आहे. फार चिकटून राहिलात तरी पडलात, फार लांब गेलात तरी पडलात. ४ नंबर पहिल्या खड्ड्यात. घड्याळ लावून ११ दुसऱ्या खड्ड्यात नाही ना, तेवढं बघा.

खडेबाजार_आठबिट

लावलं घड्याळ. काल रात्री जेवण झाल्यावर वही घेऊन बसलो, बायको म्हणाली वीजबिल काढताय का.

११ नंबर एकूण ४ मिनिटं १० सेकंद, म्हणजे २५० सेकंद. मूळ चाल स्पष्ट ऐकू येते ती १५६ सेकंद. बाकी हलगीची जुगलबंदी. निम्म्याहून बरंच जास्त आहे.

सहज म्हणून ९ नंबरलाही लावलं. ते बीजीएमआयच्या (मोबाइलवरचा बंदुकांचा गेम) लॉबीचं गाणं आहे असं लिहिलंय. चार मिनिटांत चाल २२ सेकंद. उरलेला वेळ किक आणि 'हात वर'. मिरवणुकीत धुमाकूळ घालेल, पण यात बीजीएमआय शोधायला खुर्द्यातली नाणी निवडावी लागतात.

काकांना सगळ्यांचे प्रतिसाद वाचून दाखवले. त्यांनी पेटी ओढली आणि टेट्रिसची पहिली ओळ वाजवली: प रे ग म ग रे सा, गंधार कोमल. पुढच्या ओळीत धैवत-निषादही कोमल लागतात. म्हणाले, "आसावरी थाटाचे स्वर आहेत. राग म्हणू नकोस, थाट म्हण. या पोरांनी काय केलंय, ओळ तीच ठेवून दुसऱ्या आवर्तनात पंचमावर थांबलेत. मूळ गाणं तिथं थांबत नाही. बंदिश तीच, पण गाणारा कोण ते कळतंय." ९ गुण का दिले ते मला तेव्हा समजलं. आधी विचारलं नव्हतं, चूक माझी.

कॉलम_भरला

टेट्रिसबद्दल एक भर. गेमबॉयवर १९८९ मध्ये आलेलं ते गाणं मुळात गेमचं नाहीच. 'कोरोबेइनिकी' हे रशियन लोकगीत, त्याचे शब्द नेक्रासोव्हच्या १८६१ च्या कवितेतले. खेड्यात माल विकत फिरणाऱ्या फेरीवाल्याचं गाणं. गेमबॉयसाठी ते हिरोकाझू तानाका यांनी बसवलं. म्हणजे मूळ म्हणून ज्याच्याशी तुलना करताय तेच एक रिमिक्स आहे.

आणि गेमबॉयच्या चिपमध्ये आवाजाच्या वाटा चार. दोन सुरासाठी, एक बहुतेक खर्जासाठी वापरतात ती, एक नुसता खरखराट, ज्यातून ढोल-ताशे काढायचे. आता ११ नंबर परत ऐका. पेटीवर उजव्या हातानं दोन सूर, चौंडक्याचा डुंग-डुंग खर्ज, आणि खरखराटाच्या जागी हलगी. चार वाटा, तीन पोरं. हे त्यांनी ठरवून केलंय की आपोआप झालंय, देव जाणे.

बॉक्साइट_रोड_डीजे

मीच तो डीजे लाइनचा परीक्षक. दादानं धागा काढला आणि मला सांगितलं पण नाही. असू दे.

४ नंबरची मिडी मला ओळखू आली नाही, हे कबूल. त्याचे माझे ९ चुकलेच. पण ११ च्या चार गुणांवरून मी हलत नाही, कारण ऐका.

स्पर्धेचा निकाल मंडपात वाजवून दाखवायचाय. मी ११ नंबर स्टॅकवर, म्हणजे मोठ्या स्पीकरवर, लावून बघितलं. सगळा आवाज मधेच कोंबलाय, खाली बेस नाही, हलगी पडली की पेटी गायब. एका माणसानं ईक्यू मारून दोन डीबी कमी-जास्त केलं असतं तरी ऐकू आलं असतं. फोन जवळ कुणाच्या ठेवायचा एवढा तरी विचार करायचा. फोन हलगीच्या शेजारी होता हे शेंबडं पोर सांगेल. खराब रेकॉर्डिंग झालं की त्याला मातीचा वास म्हणायचं आणि चांगलं झालं की चकचकीत म्हणून हिणवायचं, हे बरं आहे. मिक्सिंग हे पण कामच आहे. रात्र-रात्र बसून केलेलं असतं.

निपाणी_नाका

बॉक्साइट भाऊ, यात तुमच्याशी पूर्ण सहमत. मिक्सिंगला गुण हवेतच. माझं म्हणणं एवढंच की ते वेगळे लिहा. एकच आकडा दिला की कुणी काय कापलं कळत नाही. काकांचे ९ बंदिशीचे होते, तुमचे ४ रेकॉर्डिंगचे, आणि बेरीज मात्र एकत्र केली. गहू आणि रॉकेल एका मापानं मोजल्यासारखं झालं.

कॅसेट_फुंकणारा

धागा ४ आणि ११ चा आहे हे मान्य, पण ७ नंबरवर अन्याय झालाय. काँट्राचं जंगलाचं गाणं. खाली परीक्षकाचा शेरा बघितला: 'लय पडली आहे'.

पडलेली नाही हो! जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचे, आपले पाल पद्धतीचे ५०. त्या काळच्या गेममध्ये गाणं चित्रांच्या ठोक्यावर पुढे सरकतं. ६० साठी लिहिलेला गेम तसाच ५० वर चालवला की चाल सहाव्या हिश्श्यानं संथ होते. ७ नंबरवाला बहुतेक माझ्या वयाचा असणार. त्यानं लहानपणी टीव्हीवर जे ऐकलं त्या लयीत बसवलंय. यूट्यूबवरचं ऐकून लय पडली म्हणणारा परीक्षक पंचविशीतला असणार, पैज लावतो. कॅसेटमध्ये फुंकर मारल्याशिवाय गेम चालू व्हायचा नाही, हे तरी माहीत आहे का त्याला?

बॉक्साइट_रोड_डीजे

तेविशीतला. शेरा मागे घेतो. ७ ला दीड गुण वाढवतोय.

सीमेवरचा_पक्का

एक विचारू का? ११ नंबरचं चौंडकं वाजवणारा कन्नड आहे असं ऐकलं. मराठी मंडळाच्या स्पर्धेत हे कसं चालतं?

हलगी_कडकडाट

का बे, चौंडकं काय तुझ्या आजोबानं बनवलं? यल्लम्माच्या डोंगरावर जाऊन बघ, कोण कुठल्या भाषेत वाजवालाय ते. हलगीला कन्नडमध्ये पण हलगीच म्हणतात.

संपादक

सीमाप्रश्न १९५६ पासून आहे, हा धागा परवापासून आहे. धाग्याच्याच विषयावर राहू. पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत.

दूर_बेंगळूरात

विषयावर येतो. १२ नंबर कुणी ऐकलं का? मला ते एआयनं बनवलेलं वाटतं. 'जुना गेम' म्हटल्यावर जे काही टिंगटिंग वाजतं ते सगळं त्यात आहे, चाल मात्र कुठल्याच गेमची नाही.

खडेबाजार_आठबिट

बरोबर पकडलंत. गेमचं नाव लिहिलंय मारिओ, मारिओ कुठंच नाही. प्रोजेक्ट फाइल मागितली तर लॅपटॉप फॉरमॅट झाला म्हणाला. काल. नेमका काल.

एआय आहे म्हणून नाही काढलं. चाल नाही म्हणून काढलं.

अनगोळ_ते_अंगण

मध्येच एक शंका. ही रिमिक्सं मंडळाच्या चॅनलवर टाकली तर चालेल का? मारिओची चाल शेवटी कंपनीचीच ना?

दूर_बेंगळूरात

चालीचा हक्क मूळ मालकाचाच राहतो, रिमिक्स कितीही आपलं असलं तरी. हौशीखातर केलेल्याकडे बऱ्याच कंपन्या कानाडोळा करतात, पण त्यावर पैसे कमवायला गेलात किंवा मालकाला पटलं नाही तर क्लेम येऊ शकतो. जाहिराती लावू नका. आणि आत्या म्हणतात तसं वर 'चाल' लिहा.

टिळकवाडीची_आत्या

पहिला नंबर कुणाला, ते कुणीच सांगितलं नाही. सगळे दुसऱ्यावरच भांडताय.

खडेबाजार_आठबिट

आत्या, खरंच की. २ नंबरला. खानापूरच्या कॉलेजातली मुलगी आहे. मारिओचं पाण्यातलं गाणं घेतलंय तिनं. ते मुळात तीनच्या ठेक्यात आहे, वॉल्ट्झ. तिनं ते दादऱ्यात संथ केलं, तंबोरा लावला आणि शब्द न घालता नुसतं गुणगुणली. मधे एकदा पाळण्यासारखं थांबते. डीजेनं ९ दिले, काकांनी ९, मी ९. ऐकताना तिघांपैकी कुणी बोललं नाही, मग काकांनी चष्मा पुसला. त्यावर चर्चा करायला काही नव्हतंच.

आता दुसऱ्याचा निकाल. निपाणीकरांचं ऐकून दोन्ही परत तपासली, तीन वेगळ्या रकान्यांत: चालीचं काय केलं ५, वादन किंवा प्रोग्रामिंग ३, रेकॉर्डिंग-मिक्सिंग २. तिघांनी एकमेकांची वही न बघता. ४ नंबरला एकूण १२, ११ नंबरला १९. डीजेनं ११ ला मिक्सिंगमध्ये शून्य दिलं आणि चालीत ४. दोन्ही आकड्यांखाली सही केली.

फक्त एक गोष्ट मला अजून टोचते. शेवट. गेमचं गाणं फिरत राहण्यासाठीच लिहिलेलं असतं, खेळणारा मरेपर्यंत. म्हणून रिमिक्स करणाऱ्याला शेवट स्वतः शोधावा लागतो, आणि नव्वद टक्के लोक आवाज हळूहळू कमी करून पळ काढतात. ११ नंबरनं तेवढंही केलं नाही, मधेच तोडलं. त्याचा एक गुण मी कापलाय.

पेटी_वाजवणारा

नमस्कार. ११ नंबर आमचा. धागा कालच कळला. माझं मराठी लिहिणं थोडं कच्चं आहे, चुकलं तर समजून घ्या, चौंडकंवाला मीच असं वाटत असेल तर तो माझा मित्र. आम्ही तिघं एका वर्गातले.

चार वाटा वगैरे ठरवलं नव्हतं. घरात जे होतं ते घेतलो. हॉर्न खानापूर गाडीचा आहे, स्टँडच्या मागच्या खोलीत रेकॉर्ड केलो. दुसऱ्या वेळी चांगलं वाजवलो होतो पण त्यात फोन आला.

सर, शेवट तुटलेला नाही. गेममध्ये लेव्हल वाढली की ठोकळे जोरात पडतात, म्हणून आम्ही शेवटच्या मिनिटात लय चढवत गेलो. हलगीवाल्याला सांगितलं होतं, तुझा हात जिथं चुकेल तिथं तिघांनी एकदम थांबायचं. कुठं ते आधी ठरवायचं नाही. तो चुकला तिथं ठोकळे वरपर्यंत गेले. नंतर जो फुस्स आवाज येतो तो भात्यातला उरलेला वारा आहे, तो मी मुद्दाम सोडलो.

खडेबाजार_आठबिट

आत्ता परत ऐकलं. शेवटचे दहा सेकंद. हलगीचा एक ठोका खरंच दुहेरी पडलाय.

कापलेला एक परत. २०.

बॉक्साइट_रोड_डीजे

फाइल मला पाठव. हलगी तीन डीबी खाली घेऊन देतो मंडपासाठी. हॉर्न ठेवतो.

हलगी_कडकडाट

आणि भाता शिवून घ्या रे. शहापूरला शिवणारे आहेत, काकांना विचारा.

पेटी_वाजवणारा

शिवतो. गणपती झाल्यावर. मंडपात तोच फुस्स पाहिजे.